मीठ यार्डातला हिराजी घरत

हिराजी घरत मला पहिल्यांदा भेटला तो १९३६ साली, रेल्वेच्या एका बंद पडलेल्या यार्डात. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याजवळचा तो मिठाचा यार्ड. भाईंदरच्या मिठागरांतून वॅगनी भरून मीठ यायचं, तिथे उतरायचं, त्याचे ढीग लागायचे आणि मग बैलगाड्यांनी ते शहरभर जायचं. तीसेक वर्षं हे चाललं. पुढे मीठ उतरवायची जागा शहराबाहेर हलवली, रूळ उखडून नेले आणि सात एकर जमीन ओसाड पडली. त्या जमिनीचं काय करायचं हे ठरवायचं काम आमच्या सरकारी बांधकाम ऑफिसकडे आलं. मी तिथे ट्रेसर होतो. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायचा, एवढंच माझं काम.

हिराजी त्या यार्डातला हमालांचा मुकादम. मूळचा मुर्ध्याचा, भाईंदर स्टेशनापासून खाडीच्या कडेने पाऊण तास चालत गेलं की लागतं ते गाव. बाप, आजा सगळे मिठागरात राबलेले. यार्ड बंद झाल्यावर बाकीचे हमाल पांगले आणि हिराजीला तेवढं पहाऱ्याला ठेवलं. चाळिशीचा रुंद गडी, पायांच्या टाचा मिठाने कायमच्या फाटलेल्या. बायको चांगुणाबाय गावीच. एक रविवार सोडून एक रविवार तो तिच्याकडे जायचा.

आमचे इंजिनियर वर्दे साहेब. पोटाच्या दुखण्याने वाळलेला, हळू बोलणारा माणूस. उत्तरेला कामगारांच्या चाळी, मधे शाळा, दक्षिणेला बाग आणि आणखी दोन चाळी, असा त्यांचा कच्चा नकाशा होता. मोजणीच्या दिवशी साखळीचं एक टोक हिराजीने धरलं होतं. दक्षिण भागात पोचल्यावर त्याने ते खाली ठेवलं.

"साहेब, हितं घरं नका बांदू."

"का?"

"खार हाय. तीस वरसं हितं ढीग व्हतं. दर पावसाला मीठ इरगलून जमिनीत गेलं."

त्याने चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. ते म्हणाले, "कुठून कुठपर्यंत आहे, दाखवा." मग हिराजी दर दहा पावलांवर माती चाखत गेला आणि जिथे खार सुरू होते तिथे खुंट्या ठोकत गेला. आत आलेली जागा मी मोजली. तीन एकर भरली. साहेबांनी मातीचे नमुने तपासायला पाठवले. दोन महिन्यांनी अहवाल आला तेव्हा हिराजीच्या खुंट्यांत आणि त्या अहवालात फक्त दोन ठिकाणी फरक निघाला.

"मग या जागेचं करायचं काय?" साहेबांनी त्याला विचारलं.

"मुर्ध्याला चला, दाकवतो."

आम्ही खरंच गेलो. एका रविवारी वर्दे साहेब धोतर सावरत बांधावरून चालत होते आणि हिराजी पुढे. त्याने आधी गावातलं एक जुनं घर दाखवलं. भिंतीला कमरेपर्यंत लोणा लागला होता. साहेबांनी नख लावलं तर पांढरी पूड झडली आणि मागोमाग विटेचा तुकडाही. मग त्याने भावाचं शेत दाखवलं. पाच वर्षांपूर्वी बांध फुटून खाडीचं पाणी त्यात शिरलं होतं. घरतांनी बांध पुन्हा घातला, पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडलं, बांधातल्या उघाडीची झडप उचलून विरघळल्या मिठासकट सोडून दिलं, पुन्हा कोंडलं. तीन पावसाळे हेच. चौथ्या वर्षी भात आलं. चांगुणाबायने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. तिला तेव्हाही बोलताना धाप लागत होती.

परत आल्यावर साहेबांनी नकाशा बदलला. दक्षिणेच्या चाळी काढल्या. नकाशाच्या कोपऱ्यात एक टीप आली, ती माझ्याच अक्षरात होती: दक्षिणेकडील तीन एकर जागेस बांध घालून ती तीन पावसाळे मोकळी ठेवावी, तोवर तेथे बांधकाम करू नये.

मंजुरी यायला दीड वर्ष गेलं. १९३८ च्या उन्हाळ्यात हिराजीने दहा मजुरांना घेऊन बांध घातले, चर खणले आणि नाल्याच्या तोंडाशी लाकडी उघाडी बसवली. आसपासच्या गिरण्यांतले लोक विचारायचे, मुंबईत भात लावताय काय? तो पावसात घोंगडी पांघरून तासन्‌तास बांधावर उभा असायचा, पाणी कधी सोडायचं ते बघत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकदा तो ऑफिसात आला आणि वर्दे साहेबांच्या टेबलावर, कागदांवरच, मुळांसकट उपटलेला गवताचा झुबका ठेवला.

"एका कोपऱ्यात आलाय," एवढंच म्हणाला.

साहेबांनी तो झुबका पाण्याच्या ग्लासात ठेवला. त्या दोघांना इतकं खूश मी पुन्हा कधी बघितलं नाही.

युद्ध तेव्हा सुरू झालंच होतं. १९४० च्या मार्चमध्ये ती जमीन लष्कराने घेतली. एका दिवसात बांध सपाट झाले, चर बुजले, पेट्रोलची पिंपं येऊन पडली. हिराजी फाटकाबाहेर उभा राहून आतल्या शिपायाला सांगत होता, "एकच पावसाला र्‍हायलाय, तेवडा कोपरा सोडा." शिपायाला मराठी येत नव्हतं. आमच्या ऑफिसने हिराजीला दुसऱ्या एका गोदामावर पहाऱ्याला पाठवलं. वर्दे साहेबांचं दुखणं बळावलं, त्यांनी नोकरी सोडली आणि १९४२ मध्ये ते वारले. स्मशानात हिराजी सगळ्यांच्या मागे उभा होता.

जमीन परत मिळाली १९४६ मध्ये. तोवर शहर माणसांनी फुटायला आलं होतं. वर्दे साहेबांच्या जागी आलेले नवे साहेब वाईट नव्हते. एका वर्षात दोनशे खोल्या उभ्या करा, असा त्यांना हुकूम होता. त्यांनी दक्षिणेच्या चाळी नकाशात परत आणल्या. मी ट्रेसिंगला बसलो तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले.

"ती जुनी टीप गाळा. मंजुरीला उगाच अडचण नको."

मी गाळली. एक ओळ न लिहायला कष्ट पडत नाहीत.

चार दिवसांनी हिराजी आला. केस पिकले होते. त्याला वाचता येत नव्हतं, पण नकाशा टांगलेला बघून तो कोपऱ्याकडे निरखत राहिला.

"वर्दे साहेबांनी लिवलेलं हाय ना त्यात?"

"साहेबांना सगळं माहीत आहे," मी दौतीचं झाकण लावत म्हणालो.

तो मान हलवून गेला.

पायाची आखणी झाली तेव्हा त्याला कळलं. तो सरळ नव्या साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. जुनी सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी ती ऐकून घेतली, आणि म्हणाले, "हिराजी, लोक फुटपाथवर संसार मांडून बसलेत. त्यांना तीन पावसाळे थांबा म्हणून तुम्ही सांगता का?"

हिराजी नमस्कार करून निघून गेला. 

१९४७ च्या अखेरीस चाळी पुऱ्या झाल्या. जुन्या नोकरांना काही खोल्या दिल्या, त्यात हिराजीला दक्षिणेच्या चाळीत तळमजल्यावरची एक मिळाली. त्याने ती घेतली आणि चांगुणाबायला आणलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि नवराबायको रोज एका घरात राहतायत असं पहिल्यांदाच होत होतं. ती शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आता ह्ये सांजचं घरी येतान."

पहिल्या पावसाळ्यातच भिंती पाझरू लागल्या. लोणा आधी घोट्याएवढा, मग गुडघ्यापर्यंत, दिवाळीपर्यंत कमरेला. चुन्याचे पापुद्रे अंथरुणावर पडायचे. पेटीतले कपडे ओले, तांदूळ ओला. चांगुणाबाय रोज सकाळी भिंतीकडेची पांढरी पूड सुपात भरून बाहेर टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच पूड पुन्हा पडलेली असायची. तिची धाप वाढली. डॉक्टरांनी कोरड्या जागेत न्या म्हणून सांगितलं. हिराजीने वरच्या मजल्यासाठी अर्ज केला. तो अर्ज मीच लिहून दिला. वरची एकही खोली रिकामी नाही, असं उत्तर आलं. नोव्हेंबरात त्याने तिला मुर्ध्याला पोचवलं आणि जानेवारीत ती गेली.

मी दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मुर्ध्याला गेलो. हिराजी ओटीवर बसला होता. डोकं भादरलेलं, त्यामुळे तोंड एकदम लहान दिसत होतं. भावजयीने पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. माझ्याने फार वेळ थांबवेना.

"हिराजी, नकाशातली ती टीप मी गाळली. साहेबांनी सांगितलं आणि मी गाळली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

त्याने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"ठाव हाय मना."

"कधीपासून?"

"तवापासूनच. तुमी दौतीकडं बगून बोलला."

मी मान खाली घातली. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण तो बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"तुमी नसती गालली तर दुसऱ्यानं गालली असती. माजं तसं न्हाय. ती माती मी जिबेवर ठेवली व्हती. खोली कुटं हाय ते मना म्हाईत व्हतं. तरी तिला तितं नेली. वाटलं, म्हातारपनी एका जागी र्‍हावू. दोन वरसं तरी निघतील."

आतून भावजय भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. मी काही तरी म्हणालो, तुम्हाला दुसरी खोली कुठे मिळणार होती, वगैरे. त्याने हात उचलून मला थांबवलं.

त्या महिन्यात त्याने खोली सोडली आणि नोकरीही. खोलीची किल्ली ऑफिसात माझ्याकडेच आली. यादीतल्या पुढच्या कुटुंबाने चुना लावून होईपर्यंतसुद्धा दम धरला नाही, त्याच दिवशी सामान आणून टाकलं. नवरा, बायको, चार मुलं आणि एक म्हातारी. भिंतीकडे बघून ती म्हातारी म्हणाली, छप्पर तर आहे.

हिराजी पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा मिठागरात कामाला लागला. एकदा भाईंदर स्टेशनाबाहेर दिसला, खांद्यावर मीठ ओढायचं लाकडी दाताळं. थांबला, माझ्या मुलांची चौकशी केली, यंदा मीठ लवकर धरलं म्हणाला. यार्डाचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. ऊन चढत होतं, त्याला पोचायचं होतं. तो खाडीच्या रस्त्याला लागला. मला मागून हाक मारावीशी वाटली, पण हाक मारून पुढे काय बोलायचं ते ठरेना, तेवढ्यात तो वळणावरून दिसेनासा झाला.