सुमित्राच्या बेसमेंटमधला देवांग

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात सुमित्राच्या घराला कुलूप आहे, पण नावापुरतं. विमान चुकलेले, नोकरी गेलेले, नवऱ्याशी भांडून आलेल्या, सगळे तिच्या बेसमेंटमध्ये राहून गेलेत. मी तिची शेजारीण. तिचा हा स्वभाव मला अजिबात पटत नाही आणि तसं मी तिला तोंडावर सांगते. कुणी 'मावशी' म्हटलं की ही बाई विरघळलीच.

देवांगनेही मावशीच म्हटलं. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्याचा मेसेज ढकलला होता. व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर नवा शिक्का घ्यायला, भारतात गेलो आणि अडकलो, कंपनीचा लॅपटॉप अमेरिकेतून चालू दिसला नाही तर नोकरी जाईल, तो कुणी घरी ठेवून घेईल का? स्टॅम्पिंगला अडकणं हे आमच्याकडचं घरोघरचं दुखणं. सुमित्राने लगेच पत्ता कळवून टाकला. एक लॅपटॉप आला. मग त्याच्यासारख्याच अडकलेल्या मित्रांचेही यायला लागले. हिने ते खाली टेबलावर मांडले, वायफायला जोडले आणि रोज पुसूनसुद्धा ठेवायला लागली. तो पैसे देतो म्हणाला, तर रागावली त्याच्यावर.

लॅपटॉप अडला की तो फोन करायचा. "मावशी, प्लीज रीस्टार्ट इट." ही खाली जाता जाता विचारायची, "जेवलास का रे?" तो म्हणायचा, "येस, मावशी." दुबईत वाढलो, मराठी फारसं येत नाही, एवढे दोन-तीन शब्द कळतात, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. त्यात संशय घेण्यासारखं काय होतं? तिची स्वतःची मुलगी इला जन्मभर मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देत आली आहे. नाव मराठी आणि उत्तर इंग्रजी, म्हणजे आपलंच पोर. अशी चूक आमच्याशिवाय कोण करणार!

इला लांब रेडमंड शहरात कंप्युटर सिक्युरिटीत आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी आली, फोल्डिंगची खुर्ची आणायला बेसमेंटमध्ये गेली आणि तिथूनच ओरडली, "मम्मा! हूज लॅपटॉप्स आर दीज?" समोर कुणी बसलेलं नव्हतं, तरी पडद्यांवरचे बाण फिरत होते.

तिने कळवल्यावर सरकारी तपास अधिकारी आल्या. अमेरिकन, मराठीचा गंध नसलेल्या, पण बोलायला सौम्य बाई. त्यांनी सांगितलं, देवांग नावाचा असा कुणी मुलगाच नाही. जगाशी संबंध तोडून बसलेल्या एका हुकूमशाहीतला तो माणूस. एका खोलीत त्याच्यासारखे पुष्कळ जण, डोक्यावर पहारेकरी. चोरलेल्या नावांनी अमेरिकन कंपन्यांत नोकऱ्या करायच्या, पगार आपल्या हुकूमशहाच्या तिजोरीत भरायचा आणि जाता जाता कंपनीची गुपितं उचलायची.

सुमित्राचा नवरा, संजीव, तावातावाने म्हणाला, "माथेफिरू आहे तो हुकूमशहा! जनता उपाशी आणि हा क्षेपणास्त्रं उडवतोय!"

"ही इज नॉट क्रेझी, बाबा," इला म्हणाली. पुढचंही ती इंग्रजीतच बोलली, मी मराठीत सांगते. क्षेपणास्त्रं कशासाठी, तर कुणी अंगावर येऊ नये म्हणून. कमाई अशी, घराघरांतून. एका लॅपटॉपसाठी कोणता देश युद्ध करणार? आणि उलटा सायबर हल्ला करायचा तरी कशावर? त्यांच्या लोकांकडे बंद पाडण्यासारखं इंटरनेटच नाही. त्याच्या जागी बसून पाहिलं तर सगळं बिनचूक आहे.

"वेडा असता तर परवडलं असतं," सुमित्रा म्हणाली. "मावशी म्हटलं की एक बाई दार उघडेल, हेसुद्धा त्यांनी हिशेबात धरलं होतं."

अधिकारी बाईंना तिच्याकडून एकच हवं होतं. पुढचा फोन आला की नेहमीसारखं बोलायचं आणि त्याला गुंतवून ठेवायचं. तो जोडलेला राहिला की त्याने लॅपटॉप ठेवलेल्या इतर घरांचा माग लागणार होता.

"आणि त्याचं काय होईल?" सुमित्राने विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कमाई घटली की शिक्षा होते, असं ऐकतो."

झालं. तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरेना. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. फोन मुठीत धरून माझ्याकडे यायची आणि चहा टाकेपर्यंत परत जायची. तो सुटला तर उद्या आणखी कुणाच्या घरात शिरेल, आणि सापडला तर तिथे त्याचे हाल होतील. मी चिडले. "अगं, उद्या तुझं नाव पेपरात येईल, आणि तुला त्याची पडलीय?"

"तो येस म्हणायचा ना," ती म्हणाली, "तेव्हा खरंच जेवलेला असायचा का गं?"

फोन आला तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. मी जिन्यावर बसले. खाली अधिकारी बाई, इला आणि लॅपटॉपसमोर उभी सुमित्रा.

"मावशी, प्लीज रीस्टार्ट इट."

"जेवलास का रे?"

"येस, मावशी."

आणि मग ती मराठीत बोलायला लागली. "पोरा, तू सापडलास. तुला पकडणारी माणसं इथे उभी आहेत. फोन ठेव आणि सगळं बंद कर. तुला मार बसेल रे. जमलं तर पळून जा तिथून. मी रागावलेली नाही तुझ्यावर." थांबेचना. आवाज मात्र नेहमीचा, कुणाला उपम्याची कृती सांगावी तसा. तिचं बोलणं कळणारी माणसं तिथे दोनच होती, इला आणि मी.

पलीकडून तो मध्ये मध्ये म्हणत होता, "येस, मावशी. येस." शेवटी त्यानेच थँक यू म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाल्या त्या?" अधिकारी बाईंनी विचारलं.

इलाने आईकडे पाहिलं. "शी आस्क्ड इफ ही हॅड ईटन. देन शी गेव्ह हिम अ रेसिपी."

बाई खुश झाल्या. सुमित्राचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही फार छान बोलत राहिलात. आम्हाला एवढाच वेळ हवा होता. त्याची सगळी घरं सापडली."

सुमित्रा माझ्या शेजारी जिन्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "आता त्याला जेवायला देतील का गं?"

मला प्रत्येक गोष्टीवर बोलायची सवय आहे. तेव्हा मात्र मी उठले आणि तिच्यासाठी ताट वाढून आणलं.