आईच्या मनगटावरचं घड्याळ

लांब पोळीचा खरपूस वास आला की मे महिन्यातली ती दुपार आठवते. स्मार्टवॉच जेवढ्या कॅलरी जळाल्याचं फोनला कळवायचं, तेवढंच माझी बहीण खायची. मला ते घड्याळ नालीत फेकावंसं वाटायचं. त्या दिवशी चक्कर येऊन ती सकाळपासून पडून होती. आकडा वाढेना, म्हणून तिनं ताट सारलं आणि आंघोळीला गेली. आईनं तिनं काढून ठेवलेलं घड्याळ आपल्या मनगटावर चढवलं आणि सैल कणकेच्या पोळ्या हातांवर झुलवत पालथ्या मडक्यावर टाकू लागली. बहीण बाहेर आली. "आई, माहं घड्याळ काहून घातलं वं?" आईचे हात थांबले नाहीत. "तुह्या वाट्याचं मी जाळून राहिली. तू जेव." बहीण फोनकडे बघत राहिली; आकडा वाढत होता. शेवटी तिनं पोळीचा तुकडा तोडला. आता ती बरी आहे; तरी तो वास आला की मी आधी तिचं ताट बघतो.