नव्व्याण्णव नंबरचा वॉर्ड

आधीच सांगून टाकते, राग माझ्या नाकावर असतो आणि पायाला चाकं आहेत. म्हणून रेकॉर्ड रूमचे मामा मला ‘घाईबाई’ म्हणायचे. ते सख्खे मामा कुणाचेच नव्हते, पण अख्खं हॉस्पिटल त्यांना मामाच म्हणायचं. त्यांच्याहून वयानं मोठे असलेले बडे डॉक्टरसुद्धा.

जिन्याखाली त्यांची खोली. खिडकी नाही, भिंतीला ओल, आणि टेबलावर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारं जुनं मशीन. एकतीस वर्षांचे पेशंट त्यात. तो डेटाबेस मामांनीच एका कंपनीच्या माणसाशेजारी बसून उभा केला होता. पुढे कंपनी बुडाली, माणूस दुसरीकडे गेला, मामा तिथेच राहिले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. जेवतानाही तोंड मशीनकडेच. रिटायर व्हायला दोन महिने उरले होते आणि त्यांना एकच हवं होतं, इथून मान ताठ ठेवून बाहेर पडायचं. “एकतीस वर्षांत एक नोंद चुकली नाही माझी,” हे ते इतक्यांदा ऐकवायचे की समोरचा घड्याळ बघायला लागायचा.

माझं काम होतं ते मशीन नव्या वेबसाइटला जोडायचं. नातेवाइकांना घरबसल्या कळावं, आपला पेशंट कुठल्या वॉर्डात आहे, भेटायची वेळ काय. पण जुन्या डेटाबेसची भाषा वेबसाइटला कळत नाही. मग दोघांच्या मध्ये एक प्रोग्रॅम बसवायचा, इकडचं तिकडे सांगणारा. त्याला मिडलवेअर म्हणतात. मामांना हे समजावलं तर म्हणाले, “म्हणजे मध्यस्थ. मग त्यानं आधी घरात बसून दोन वेळा चहा प्यायला पाहिजे. पंधरा दिवस रोज माझ्याकडे ये. कागदावर नसलेलं बरंच आहे यात.”

पंधरा दिवस! मला सोमवारी वेबसाइट सुरू करायची होती. मी त्यांना एक दुपार दिली. वॉर्डांची छापील यादी घेतली आणि लॅपटॉपवर टाइप करत सुटले. मामा शेजारी बसून सांगत होते.

“नव्व्याण्णव हा वॉर्ड नाही हं. डेटाबेस केला तेव्हा बडे डॉक्टर म्हणाले, इथं माणसं बरी व्हायला येतात, मेल्याचा रकाना ठेवायचा नाही. मग जो गेला त्याला मी नव्व्याण्णवमध्ये टाकतो. आणि घरी सोडल्याची तारीख कोरी ठेवतो. घरी कुठे गेला तो? खोटं कसं लिहू?”

“बरं बरं, बघू नंतर,” मी म्हटलं. मान वर करूनसुद्धा नाही. मला तेव्हा वाटलं, काय म्हातारा बोलतोय, उगाच वेळ खातोय. देवा, काय माजले होते मी!

माझ्या प्रोग्रॅमचा नियम साधा होता. घरी सोडल्याची तारीख नाही, म्हणजे माणूस अजून आत. शितावरून भाताची परीक्षा करावी तसे दहा पेशंट तपासले, दहाही बरोबर आले. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी बटण दाबलं.

ज्यांचे मोबाइल नंबर नोंदीत होते, अशा दोनशे अकरा घरांत वेबसाइटवरून आपोआप मेसेज गेला. ‘आपला रुग्ण वॉर्ड ९९ मध्ये दाखल आहे. भेटण्याची वेळ सायंकाळी ४ ते ६.’

बहुतेकांनी फोन करून शिव्या घातल्या. ते परवडलं. काही जण मात्र आले. चार वाजता चौकशीच्या खिडकीशी एक बाई उभी होती, हातात इस्त्री केलेला शर्ट आणि पायजमा. मुलगा जाऊन तीन वर्षं झाली होती. तिला ते माहीत नव्हतं असं नाही. तिनं स्वतः त्याला शेवटची आंघोळ घातली होती. “पण तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय ना,” ती खिडकीतल्या मुलीला सारखी सांगत होती, “एकदा बघून तर या.”

मी खांबाआड उभी राहून बघत होते. मामा मात्र जिन्याखालून आले, तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं ती उठली आणि शर्ट तिथेच बाकावर ठेवून गेली.

बुधवारी हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेबांनी मला सरळ विचारलं, “हा नव्व्याण्णवचा प्रकार मामांनी तुला सांगितला होता का?”

घरी नवऱ्याची नोकरी सुटलेली, हे खरं. मी घाबरले होते, हेही खरं. पण ही कारणं मला नंतर सुचली. त्या क्षणी तोंडातून सरळ निघालं, “नाही.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे बघत म्हणाले, “विसरलो असेन साहेब. वय झालं.”

“उद्यापासून यायची गरज नाही,” साहेब म्हणाले. एकतीस वर्षं. निरोपाचा समारंभ नाही, साधं कुणी दारापर्यंतही गेलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला माझा फोन वाजला. मामा होते. मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकवायलाच हवं होतं.

“घाईबाई,” ते म्हणाले, “वही आहे का जवळ? लहान मुलांच्या वॉर्डातल्या नोंदींचं तुला सांगायचं राहिलंय. तिथंही असंच आहे. लिहून घे, परत कुणाची आई यायला नको.”

मी लिहून घेतलं. पाऊण तास ते सांगत होते, मध्येमध्ये विचारत होते, “झालं लिहून?” मी हो म्हणत राहिले. त्या पाऊण तासात मला दुसरं काही बोलता आलं नाही, आणि पुढे बोलायला ते राहिले नाहीत.