एकेरी वेढे

दादाचा जीव त्या नळीवरच्या वेढ्यांवर आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला नव्हतं. त्याला फक्त विजेचं झाड दिसत होतं.

तो रसायनीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल खात्यात होता. तिथल्या साहेबाच्या टेबलावर एका इंग्रजी मासिकात त्यानं टेस्ला कॉइलचं चित्र पाहिलं. उभी नळी, तिच्या डोक्यातून फुटलेल्या निळ्या फांद्या, आणि समोर हातात सळई धरून हसणारा माणूस. झालं! येत्या दसऱ्याला दहिवलीच्या आमच्या अंगणात आपण असंच उभं राहायचं, हे त्यानं आधी ठरवलं, आळीभर सांगून टाकलं, आणि मग माझ्याकडं आला. माझं कर्जतला मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. शेतावरच्या पंपांच्या जळक्या मोटारी भरून भरून बोटांची सालं गेली होती. तार गुंडाळायला मला कोणी शिकवू नये, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

या यंत्रात दोन वेटोळी असतात. खाली जाड तांब्याचं, रुंद, मोजक्या वेढ्यांचं. त्याला आम्ही एका दुकानावरच्या निऑन दिव्यांच्या पाटीचा जुना ट्रान्सफॉर्मर जोडणार होतो. त्या जाड वेटोळ्याच्या मधोमध उभी नळी, आणि तिच्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारभर वेढे. हे दुसरं वेटोळं माझ्या गळ्यात. वरची ठिणगी इतकी घाईची असते, की सळईवर झेलली तर हाताला नुसती ऊब लागते. खालच्या वेटोळ्यातला करंट तसला नाही. तो माणसाला धरतो आणि सोडत नाही. दोन्हींच्या मध्ये असते फक्त मोकळी जागा आणि नळीवरचं व्हार्निश. विजेनं एकेका वेढ्यातून फिरत वर जायचं. तिला नळीवरून उभी आडवाट मिळाली, की खालचा करंट तिच्या मागोमाग थेट सळईवर. हे मी दादाला फरशीवर खडूनं काढून दाखवलं. तो म्हणाला, "मग आडवाट ठेवू नकोस."

नळी घेतली पाण्याच्या प्लास्टिक पाइपाची, रुंदीच्या साडेचार पट उंच. त्याहून बुटकी केली तर वरची ठिणगी खालीच उडी मारते, फार उंच केली तर जोर मरतो. मोटारीत वेढ्यावर वेढा चढला तरी निभावतं. इथं एकही चढायला नको, आणि तारेत जोड तर नकोच नको. तळाशी चार बोटं जागा मी कोरी सोडली. ती दादाच्या डोळ्यांत खुपायची, कारण वेढे खाली आणले की ठिणगी लांब होते. मी त्याला भीक घातली नाही.

नळी फिरवायला वहिनी बसायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, खालापूरकडची, हात एकसारखा चालवणारी. मी तार सोडायचो, ती नळी फिरवायची, आणि बोलायचं नाही असा माझा हुकूम. एकदा ती शिंकली आणि तार तुटली, निम्मी नळी भरली असताना. मी तोंडाचा पट्टा असा सोडला की दादानं मला हाताला धरून बाहेर काढलं. परत आलो तर ती सगळी तार उलगडून, नळी पुसून, पहिल्यापासून सुरुवात करायला तयार बसलेली.

"भावजी, त्यानला काय व्हनार नाय ना?" तिनं हळूच विचारलं.

मी खेकसलो, की वेढे नीट बसले तर काही होत नाही.

भाद्रपदाच्या दमट हवेत व्हार्निश वाळेना. नळीच्या आत दिवा लावून ठेवला. वर ठिणगीसाठी दोन जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वाट्या तोंडाला तोंड लावून बसवल्या. पितृपक्षात वीज सोडून बघू नका, असं वहिनी सांगत होती. दादानं बघितलीच. शेजारचा रेडिओ खरखरला, घरभर कसलासा कोरा वास पसरला, आणि दादाच्या सळईवर निळी फांदी येऊन टेकली. त्याला काही झालं नाही. पण आळीतली कुत्री त्यानंतर आमच्या अंगणात फिरकेनात.

दसऱ्याच्या सकाळी मी बजावलं, कोयता, विळा, सायकल, काय पुजायचं ते पुजा, नळीला बोट लावायचं नाही. मग दुकानातल्या यंत्रांना हार घालायला कर्जतला गेलो. परतलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. लोक सोनं वाटून अंगणात जमले होते. मी नळीवरची चादर काढली, वाट्या घट्ट आहेत ना बघितलं, समोरून वेढ्यांवर नजर फिरवली आणि खटका दाबला.

फांद्या फुटल्या. पोरं किंचाळली. दादा अनवाणी उभा, सळई पुढं करून हसत होता. मग आवाज बदलला. चरचर थांबून जाड गुरगुर सुरू झाली, आणि नळीच्या मागून एक पांढरी रेघ वर चढली. मी खटका ओढला. तोवर दादा खाली बसला होता, सळई हातातच. तो मुद्दाम बसल्यासारखा दिसत होता, म्हणून लोक थोडा वेळ टाळ्या वाजवत राहिले.

डॉक्टरला आणायला टेंपो गेला. त्याचा उपयोग नव्हता.

दादाचे दिवस झाल्यावर मी नळी उचलून फिरवली. मागच्या अंगाला, तळाशी, कुंकवाची पाच बोटं ओढलेली. ओल्या हातानं ओढलेली असणार, वेढ्यांच्या फटींत रंग शिरला होता. मी कोरी सोडलेली चार बोटं जागा ओलांडून ती थेट खाली उतरली होती, आणि मधल्या बोटावरून काळी, जळकी रेघ गेली होती. वेढे सगळे जागच्या जागी होते. एकही चढलेला नव्हता.

वहिनी दारात उभी होती. कपाळ कोरं.

"मी पूजा केली व्हती, भावजी. तुमी वरडाल म्हून मागल्या अंगानं केली. मंग असं कसं झालं?"

मनात येईल ते बोलून मोकळा होणारा माणूस मी. पण समोर ही पोर उभी. तिला दिसू नये म्हणून मी नळीची ती बाजू भिंतीकडं केली.

"एक वेढा दुसऱ्यावर चढला होता," मी म्हणालो. "माझ्या हातून."

ती माझ्या बोटांकडं बघत राहिली. "मला वाटलंच व्हतं," म्हणाली आणि आत गेली.

आळीत ते पसरलं, आणि दुकानात मोटारी यायच्या कमी झाल्या. त्याचं मला काही नाही. वहिनी पुन्हा माझ्याशी एक शब्द बोलली नाही.