आधी गाठोडं सुटू दे

देव माझ्या बहिणीशी बोलतो. माझ्याशी बोलत नाही. आज हे लिहून काढतानाही माझं डोकं तापतं.

धंदा आम्ही दोघींनी एकाच दिवशी सुरू केला. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. डोक्यावर टोपली घेऊन नाशिक रोडच्या कॉलन्यांमधले जिने चढायचे. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण घासाघीस मीच करायची. "बाई, ही साडी हात लावला तरी फाटतेय. डबा हवा तर साहेबांची एक पॅन्ट काढा आणखी." बाई चिडायच्या, मी त्यांच्याहून जास्त चिडायची आणि टोपली उचलून दोन पायऱ्या उतरायची. वरून हाक यायचीच.

एका उन्हाळ्यात, तिसऱ्या मजल्यावर, ताई जिन्यातच बसली. म्हणाली, "आतून आवाज आला. आता पुरे म्हणाला." टोपली तिथेच ठेवून ती घरी गेली. दोन्ही टोपल्या मी एकटीने खाली आणल्या. पुढे भांड्यांचं दुकान टाकलं तेही एकटीने. देवाला नेमकं तिसऱ्या मजल्यावरच कसं सुचलं, हे मी तिला आजवर ऐकवत आले.

ताई रोज सकाळी डोळे मिटून बसायची. हळूहळू तिच्याकडे बायका यायला लागल्या. ज्या बायकांशी मी एका पातेल्यावरून भांडले, त्याच आता तिच्या पाया पडत होत्या. मला त्यांनी जन्मभर "ए भांडीवाली" म्हटलं. तिला "माई" म्हणायला लागल्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. चोरून मीही बसून पाहिलं. म्हटलं, देवा, एक शब्द बोल, मी सोमवार धरते. बरं, गुरुवारपण धरते. तो काही बोलला नाही. कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

इतपत मी सोसलं असतं. पण गेल्या वर्षी माझी लेक सिन्नरहून, सासरहून, बॅग घेऊन परत आली.

"काय झालं?"

"काही नाही."

"मारलं का त्याने? सासू बोलली? नाव सांग फक्त, एकेकाला बघते मी."

ती आणखीच मिटत गेली. आणि रोज चार वाजता चपला घालून मागच्या गल्लीत मावशीकडे जायला लागली. डोळे लाल व्हायचे, पण चेहरा हलका होऊन परत यायची. पोरगी माझ्या पोटची आणि तिचं दुःख मागच्या गल्लीत! देव घेतलास तो घेतलास, आता पोरगीही?

मी भांडायलाच गेले. ताई तांदूळ निवडत होती.

"काय कानात भरतेस गं तिच्या? काय म्हणतो तुझा देव?"

"मी काही सांगत नाही. ऐकते. आणि ती काय बोलली तेही तुला सांगणार नाही. तिला विचार."

"रोज विचारते!"

"तू विचारत नाहीस, भाव करतेस. देवाशीही तसंच करत असशील." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "समोरचीचं गाठोडं पूर्ण सुटल्याशिवाय टोपलीवरचं फडकं काढायचं नाही. हे मला कोणी शिकवलं?"

मीच शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात ताईने घाईने एका बाईला पातेलं दाखवलं. त्या बाईने वरच्या दोन विरलेल्या साड्या पुढे केल्या आणि गाठ परत मारली. खाली जरीचा शालू होता. ताईला मी जिन्यातच झापलं होतं.

"आली मोठी शहाणी," म्हणून मी निघून आले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता लेक चपला घालत होती. "निघाली दरबारात," हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. तेवढ्यात आतून कोणीतरी म्हणालं, फडकं काढू नकोस. तो देव होता का? आवाज ताईचा वाटला, शब्द तर माझेच होते. अजून मला सांगता येत नाही. एवढं खरं, की मी तोंड मिटलं.

"चहा टाकलाय," म्हटलं आणि उंबऱ्यापाशी बसले. चहावर साय धरली. जीभ शिवशिवत होती, मी तिच्यावर दात ठेवून बसले. दोन पायऱ्या उतरायचा मोहही आवरला. बऱ्याच वेळाने तिने एक चप्पल काढली. मग दुसरी.

"मला परत जायचं नाहीये, आई."

'दोन महिने बघ तरी' हे ओठांपर्यंत आलं. गार चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

"तू काही ठरवू नकोस. नुसती ऐक."

दिवेलागणीपर्यंत ती बोलत होती. काय बोलली ते इथे लिहिणार नाही. गाठोडं तिचं होतं, तिने सोडलं.

मध्येच ताई दारात आली. आज पोरगी का आली नाही, म्हणून बघायला.

"आज मी आईशी बोलतेय, मावशी," लेक म्हणाली.

ताई उंबऱ्यावरूनच परत फिरली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. मला जो आनंद झाला तो काही सात्त्विक नव्हता, हे कबूल करते. पण ताई जाताना हसत होती. तेवढं मला आवडलं नाही.