बाबांना वाचून दाखवलेली वेबसाइट

मी फ्लेक्सवाली. अर्जुनी मोरगावात बसस्टँडजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. वाढदिवस असो की निवडणूक, तालुक्यातले अर्धे चेहरे माझ्या हातून गोरे होऊन खांबावर चढले आहेत. नव्व्याण्णव साली गोंदियात टायपिंग शिकले, मग कॉम्प्युटर, मग हे दुकान. तोंडाने मी फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या फटकळपणातूनच सुरू झालं.

दोन हजार दहा उलटून एक-दोन वर्षं झाली होती. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली होती आणि आम्ही घरी जेवायला बसलो होतो. घरात आम्ही तिघंच: बाबा, मी आणि शेती बघणारा माझा मोठा भाऊ. दादाने भाताचा घास घेता घेता सांगितलं की पुढल्या सालापासून चिन्नोर बंद. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ, दाणा बारका, पण शिजला की शेजारच्या घरात कळतं. दादाचं म्हणणं खोटं नव्हतं. हा धान उंच वाढतो, वारा आला की लोळतो, सगळ्यांच्या मागून निघतो आणि पिकतोही कमी. वर मिलवाला त्याला दुसऱ्या धानाच्याच ढिगात ओततो. मग कशाला पेरायचा?

 बाबांनी ताटातला हात तसाच थांबवला. काचबिंदूने त्यांची नजर जाऊन तीन वर्षं झाली होती. शेतावर जाणं सुटलं होतं, पण रोज एकदा ते ढोलीपाशी, म्हणजे बियाण्याच्या कणगीपाशी, जायचे, बियाण्यात हात घालायचे, मूठभर धान चोळून नाकाशी न्यायचे. ते बी त्यांनी चाळीस वर्षं राखलं होतं. एक साल पेरलं नाही तर पुढच्या साली ते धड उगवत नाही, आणि गावात दुसऱ्या कोणाकडे उरलेलं नव्हतं. म्हणजे दादा बंद म्हणाला ते कायमचंच बंद.

बाबांचा तो थांबलेला हात पाहून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मिलवाल्याला विकतोस कशाला, ज्याला खायचा आहे त्याला विक, जग काय अर्जुनीत संपते का? दादा शांत माणूस. शांत माणसं जास्त छळतात.

"दहा घरं दाखव," तो म्हणाला. "नात्यातली नाही, ओळखीची नाही. पऱ्हे टाकाच्या आंधी दहा घरांनी आपल्या मनानं मांगला, तर पेरतो."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. त्यासाठी बी मृगाच्या सुमारास टाकतात. माझ्या हातात सहा महिने होते. मी हो म्हणून बसले.

मग मी वेबसाइट केली. माझ्यासोबत कोर्स केलेली एक मैत्रीण नागपुरात असल्या कामात होती, तिने नेटवर जागा मिळवून दिली आणि फाइल कशी चढवायची ते फोनवर शिकवलं. बाकी मला कोणी शिकवायची गरज नाही असं मला वाटलं. रोज पाट्या करणारी बाई मी! अख्खं पान मी एका फ्लेक्ससारखं सजवलं. मागे हिरवी बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, वर लाल-पिवळ्या अक्षरांत हार्दिक स्वागत, मधोमध तांदळाची रास. आता गावात अशी गोष्ट लपत नाही. सरपंच म्हणाले, आमचा फोटो पाहिजे. सरपंचांचा टाकला म्हणून पोलीस पाटील, त्यांचा टाकला म्हणून तंटामुक्तीचे अध्यक्ष, मग आमचे काका, कारण काका रुसले असते. मानाप्रमाणे मोठे-लहान गोल कापून सगळे ओळीने बसवले. मग त्या सगळ्याचं एकच चित्र केलं आणि चढवलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! मी तर स्वतःवरच खूश.

आठ दिवसांनी दादाला दुकानात बोलावलं. सर्चच्या चौकटीत आमच्या साइटचा पूर्ण पत्ता टाइप केला, आणि आली की सगळ्यात वर. बघ, पहिला नंबर, मी म्हटलं. दादाने चष्मा पुसला, बघितलं, आणि विचारलं की हा पत्ता कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, मला. मग आमच्याबद्दल काहीच माहीत नसलेला माणूस काय टाइप करेल ते टाक, म्हणाला. मी "चिन्नोर तांदूळ" टाकलं. पहिल्या पानावर आम्ही नाही. दुसऱ्यावर नाही. नवव्या पानावर मी थांबले. दादा चहा पिऊन निघून गेला. त्याने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तिथून माझा हट्ट खरा पेटला. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं. तेव्हा मी इंग्रजी पानं उघडायची, बाजूला डिक्शनरी, आणि एकेक वाक्य फोडायची. लोडशेडिंग झालं की वहीत उतरवलेलं वाचायची. शिकले, पण अर्धवट. कुठेसं वाचलं की जो शब्द लोक शोधतात तो पानावर हवा. म्हणून मी चित्राखाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत चिन्नोर, चिन्नोर, चिन्नोर असं पानभर लिहून टाकलं. माणसाला दिसणार नाही, मशीनला दिसेल, अशी माझी हुशारी. आठवड्याभरात पत्ता टाकूनही आमची साइट येईना. मैत्रिणीला फोन केला तर ती हसत सुटली. म्हणाली, अगं, लपवाछपवी पकडली की ते हाकलून देतात. कपाळावर हात मारला आणि सगळं पुसलं. वेबसाइटचीच कामं करणारा गोंदियातला एक जण फोनवर म्हणाला, "मैडम, पंद्रह दिन में पहले नंबर पे ला देंगे." कसं आणणार ते विचारलं तर सांगेना. मी फोन ठेवून दिला. स्वतः केलेला मूर्खपणा पुरे होता, दुसऱ्याचा विकत कशाला घेऊ?

माघ संपत आला होता. एका दुपारी बाबा दुकानात आले. काठी टेकत यायचे, खुर्चीत बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपलेवरून माणूस ओळखायचे. त्यांनी विचारलं की दादाशी पैज लावून मी जे केलं आहे ते आहे तरी कसं. मी कामाच्या नादात स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली आणि म्हटलं, हे बघा.

"मले कायले दाखवतं, पोरी?" बाबा म्हणाले. "सांग ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने वाचायला लागले. हार्दिक स्वागत. मग सरपंचांचं नाव. मग पोलीस पाटलांचं, अध्यक्षांचं, काकांचं. मग आमच्या गावाचं नाव, तालुका, जिल्हा. वाचायचं संपलं. बाबा वाट बघत राहिले. मग त्यांनी विचारलं:

"यात तांदूर कोठी आहे?"

तांदूळ मधोमध होता, चांगला हातभर रास करून फोटो काढला होता. पण तो वाचता येत नव्हता. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. गेले दोन महिने मी जे इंग्रजीत फोडून वाचत होते ते हेच. सर्च इंजिनला डोळे नाहीत. माझं रंगीत चित्र त्याच्या लेखी कोरी पाटी. त्याला बाबांसारखं शब्दांत सांगावं लागतं, सरळ, आणि लपवाछपवी न करता. मला रागही आला आणि रडूही आलं. राग स्वतःचा, कारण तीन वर्षं ज्या माणसाला मी हात धरून रस्ता सांगत होते, त्याच्याकडून हे मला आधीच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सरपंच, पाटील, अध्यक्ष, काका सगळे उतरवले. काका रुसले ते रुसलेच, तीन महिने घरी आले नाहीत. डीटीपीचा फॉन्ट माझ्याच कॉम्प्युटरवर मराठी दिसायचा, बाहेर त्याचा नुसता काला व्हायचा. म्हणून सगळी अक्षरं युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली. मग बाबांना समोर बसवलं आणि म्हटलं, तुम्हाला चिन्नोर म्हणजे काय हे माहीत नाही असं समजा आणि मला विचारा.

आणि बाबांनी विचारलं! हा तांदूळ ओळखायचा कसा? भात चिकट काऊन होते? नवा घ्यावा का जुना? खिरीला कोणता? मी थांबवून म्हटलं की चिन्नोर म्हणजे खीरच, हे काय लिहायचं? बुद्ध पौर्णिमेला विहारात आमच्याच तांदळाची खीर होते, वस्तीतल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. बाबा म्हणाले, वस्तीला ठाऊक आहे, पुण्याच्या माणसाला कोण सांगेल? मग मी एकेका प्रश्नाला एकेक पान दिलं. वर प्रश्न, जसा माणूस विचारतो तसाच. खाली बाबांचं उत्तर. फोटो थोडेच ठेवले, हलके, कारण आमच्याकडचं नेट मुंगीच्या पायाने चालायचं. प्रत्येक फोटोमागे एक ओळ शब्दांत लिहिली. पान झालं की बाबांना वाचून दाखवायचं. ऐकता ऐकता ते जिथे "म्हंजे?" म्हणाले, तिथे ते वाक्य पुन्हा लिहायचं.

एका पानावरून आमचं वाजलं. बाबा म्हणाले, बियाण्याचंही लिही. बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगेल ते काढायचं, निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, बांधीत फिरून भेसळीच्या उपटायच्या, मूठभर धान चोळून वास घ्यायचा, हे सगळं. मी म्हटलं, बाबा, आपल्याला दहा घरं खाणारी पाहिजेत, पेरणारी नाहीत. हे वाचणार कोण? ते म्हणाले, लिही. मी कुरकुरत लिहिलं. बाबांनी पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावलं, तेही केलं.

एक गोष्ट उरली होती. गावात नवा पाहुणा आला की आधी विचारतात, कोणाकडला? कोणीतरी आपला म्हणावं लागतं, तेव्हा खाट टाकतात. नेटवरही तसंच निघालं. दुसऱ्या चांगल्या साइटने तुमचं नाव घेतलं तर तुमचा भाव वाढतो. मी एक बाई शोधली, माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या देवरीचं, राहायला पुण्यात, नेटवर मराठीत पाककृती लिहिणारी. तिला पत्र लिहिलं, सोबत खिरीपुरता तांदूळ पाठवला. दीड महिना काही नाही. मग एक दिवस तिने खिरीची कृती लिहिली आणि खाली आमच्या पानाचा दुवा दिला. त्यानंतर आम्ही सर्चमध्ये सातव्या पानावर दिसलो. मग चौथ्या. बुद्ध पौर्णिमेच्या आठवडाभर आधी खिरीचं आमचं पान पहिल्या पानावर तळाशी आलं. मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या.

फोन यायला लागले. पुणे, नाशिक, एक रायपूरचा. तांदूळ मागणाऱ्या दर घरामागे मी दादाला न सांगता दुकानाच्या भिंतीवर खडूने एक रेघ मारत होते. सहा झाल्या. मग मृग आला, आणि रेघा सहाच राहिल्या.

पऱ्हे टाकायच्या दिवशी दादाने नव्या वाणाची पिशवी अंगणात आणून ठेवली. मी आकडा सांगितला तर म्हणाला, सहा म्हणजे दहा नाही. बरोबर होतं, पैज पैज असते. मी म्हटलं, ठीक आहे, ढोलीतलं बी मला दे, घरामागच्या बाडीत मी एकटी लावते, पाणी डोक्यावरून वाहीन. दादा म्हणाला, बाडीत धान होते काय? मी म्हटलं, होईल नाही तर मरेल, पण मी पेरीन. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. देवरीकडचा एक शेतकरी होता. त्याच्या घरचं चिन्नोरचं बी किड्याने गेलं होतं, आसपास कोणाकडे नव्हतं, आणि त्याच्या मुलीने शोधता शोधता आमचं ते बियाण्याचं पान काढलं होतं. त्याने विचारलं, बी मिळेल का, आणि मिठाच्या पाण्यात ते किती वेळ ठेवता? मला काय माहीत, वेळ तर पानावरही लिहिली नव्हती! मी फोन दादाच्या हातात कोंबला.

दादा आधी हो, नाही एवढंच बोलला. मग अंगणात चालायला लागला. मग सांगायला लागला, बांधी कोणती घ्यायची, लोळू नये म्हणून काय करायचं, निसवल्यावर वास कसा बांधावरून येतो. सकाळच्या बसने या, अर्धं बी नेऊन टाका, म्हणाला. त्या माणसाने पलीकडून काहीतरी विचारलं. दादा थांबला. त्याने अंगणातल्या पिशवीकडे बघितलं.

"हो ना," तो म्हणाला. "आमी पेरूनच राह्यलो."

फोन माझ्या हातात देताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी उचलून माजघरात ठेवली आणि ढोलीकडे जाता जाता म्हणाला, त्या पानावर लिहून ठेव, ज्याला बी पाहिजे त्याने पुढल्या चुरणीनंतर फोन करावा.

मी दुकानात पळाले, बाबांना सोबत घेऊनच. तेवढं एक वाक्य टाइप केलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं.