सैलआत्या आणि दीडशे गुंडे

"बोटं काढ," आत्या म्हणाली. "गुंडा करतेयस की कुणाचा गळा आवळतेयस?"

लोकरीच्या दुकानातली माझी ती पहिली सकाळ. साहित्यात एम.ए. झाले होते. हातांना काहीच येत नव्हतं.

आत्या, म्हणजे दुकानात सगळ्यांचीच आत्या, बावीस वर्षं खिडकीपाशी बसत होती. दुकानात लोकर मोठ्या सैल वेढ्यांच्या लडींनी येते. लडीवरून थेट विणायला घेतलं तर गुंता होतो, म्हणून आधी गुंडे करायचे. आत्या चार बोटांवर लोकर गुंडाळायची. थोड्या वेढ्यांनंतर बोटं काढून घ्यायची, गुंडा फिरवायची, पुन्हा बोटांवर धरायची. गुंडा पावासारखा मऊ व्हायचा.

"लोकर ताणली की ती रागावते," ती म्हणायची. "लगेच बोलत नाही. पहिल्या धुण्याला राग काढते."

दिवसभर "सैल, सैल" चालायचं. विणणाऱ्या बायकांनी तिचं नावच सैलआत्या ठेवलं होतं. स्वभावात मात्र तसूभर ढिलाई नव्हती.

मग मालक थकून घरी बसले आणि मुलगा गल्ल्यावर आला. त्यानं दांडा फिरवून गुंडे करायचं यंत्र आणलं. मुलींच्या एका वसतिगृहाच्या वीस स्वेटरांची ऑर्डर होती. त्यानं स्वतः बाह्या सरसावल्या. एका दिवसात दीडशे गुंडे. एकसारखे, देखणे, दगडासारखे घट्ट.

दुसऱ्या दिवशी विणणाऱ्या पाचजणी गुंडे न्यायला आल्या. आत्यानं एक गुंडा दाबून पाहिला आणि पोत्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"हे जाणार नाहीत."

"आत्या, बायका खोळंबल्यात."

"तुझे स्वेटर सुयांवर बरोबर उतरतील. एकदा धुतले की बेंबीपर्यंत येतील. मुलींनी थंडीत काय झाकायचं?"

पाचजणी हसल्या. तो लाल झाला.

"दुकान कोणाचं आहे?"

"तुझंच. लडींमध्ये रांगायचास तेव्हापासून तुझंच."

"मग उद्यापासून येऊ नका."

 आत्याला दुसरं काम नव्हतं. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

आत्यानं चष्मा पुसला. "उद्याचं उद्या. आज हे उलगडायचे." मग पाचजणींकडे वळली. "हात पुढे करा गं. तूही, एम.ए."

सहा जोड्या हात पुढे झाले. आम्ही आळीपाळीनं हात धरले, गुंडे उलगडून हातांवर पुन्हा लडी केल्या. प्रत्येक लड चार जागी सैल बांधली. कोमट पाण्यात बुडवली, न पिळता दाबली, दांडीवर टांगली. खाली वजन लावायचं नाही. ताणलेली लोकर आपोआप आखडून पुन्हा मऊ, फुगीर होते. मी ते डोळ्यांनी पाहिलं. तरी खरं वाटेना.

"दोन दिवस वाया," तो गल्ल्यावरून ओरडला. "दुकानात तळं केलंत!"

"पाय वर घे," आत्या म्हणाली.

संध्याकाळी ती चपला घालून गेली.  मी घरी रडले.

दुसऱ्या दिवशी नऊला दुकानात आले, तर आत्या खिडकीपाशी. दांडीवरच्या लडी चाचपत होती.

"आत्या! तुम्हाला काढलं ना?"

"त्यानं काढलं. मी कुठे निघाले?"

दारात तो उभा होता. किती वेळ, कोण जाणे. त्यानं तिच्याकडे पाहिलं, लडींकडे पाहिलं. दांडीवरची एक लड हातात घेतली. ओढून पाहिली. सोडली. ती पुन्हा आखडली.

"वाळल्या की सांगा," तो म्हणाला. "वसतिगृहाला दोन दिवस उशीर कळवतो."

"चार कळव," आत्या म्हणाली. "गुंडे मी करणार आहे."

त्यानं फोन उचलला.